आंदणाचा पंखा

१३ फेब्रुवारी १९६१, अकोट. दुपारी.

फॅक्टरीच्या गेटासमोर आज वीज बोर्डाचे खांब येऊन पडले. मॅनेजरसाहेब स्वतः उन्हात उभे राहून त्यांच्यावर हात फिरवत होते. मी डायनॅमो-रूममधून उठलो नाही. सरकारी वीज येणार, येणार, हे मी स्वातंत्र्याच्या आधीपासून ऐकतो आहे. स्वातंत्र्य आलं, वीज आली नाही.

कापसाचं जिनिंग जोरात. डायनॅमो एका सुरात. या फॅक्टरीत, बंगल्यावर आणि क्वार्टरांत जो काही उजेड आहे तो माझा आहे. हे गर्वाने लिहीत नाही. आहे ते लिहितो.

आजपासून निश्चय: खांबांकडे बघायचं नाही.

संध्याकाळी.

दोनदा बघितले. अँगल चुकीचा आहे.

१४ फेब्रुवारी

गुलाम नबी डोकं खातो. तो इंजिन चालवतो, त्याच्या पट्ट्यावर माझा डायनॅमो फिरतो, म्हणून त्याला वाटतं विजेतलं त्यालाही कळतं. म्हणे, श्रावणभाऊ, आता तुमचा डायनॅमो अन् माह्यं इंजन दोनी भंगारात. बोर्डाची वीज ए. सी. हाय, आपली डी. सी. मी म्हटलं, करंट तो करंट. विहिरीचं पाणी पी नाहीतर नळाचं, तहान जातेच ना. तर म्हणे, डी. सी. नाकासमोर सरळ जाते. ए. सी. पुढं जाते, मागं येते, पुढं जाते, मागं येते. मी विचारलं, मग कामाला कधी लागते? तो बिडी पेटवून गेला.

पुढे-मागे करणारी वीज. असल्या माणसाला आपण कामावर ठेवत नाही.

१९ फेब्रुवारी

मोठा दिवस. माझ्या शकुनचं लग्न जमलं. मुलगा देवीदास, अमरावतीला कचेरीत कारकून, मॅट्रिक. वडील नाहीत. आई चतुराबाई. बाई ठसठशीत आहे. घर टिनाचं, दोन खोल्यांचं, चाळीतलं, पण विजेचं. विजेचं हे त्यांनी दोनदा सांगितलं. आमच्या डोक्यावरचा बल्ब भर दुपारी चालू होता (मुद्दाम ठेवला होता), तरी सांगितलं.

मागितलं काहीच नाही. आपल्या समाजात आता साधं लग्न करायचं ठरलेलंच आहे. हार, त्रिशरण, पंचशील, जेवण. बस. पण समोरच्याने काही मागितलं नाही की मला द्यायला जोर येतो. चतुराबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, अमरावतीले उन्हाळ्यात टिनाखाली जीव उकळून निंघते, पोरीले सवय कराव लागन. मी म्हटलं, सवय कायले? माही शकुन येईन तर संगं पंखा घेऊन येईन. इलेक्ट्रिकचा.

 आत बायकोच्या, जाईच्या, हातून काहीतरी पडलं.

आंदणात विजेचा पंखा देणारा अकोट तालुक्यात मी पहिलाच असेन. चौकशी केलेली नाही, पण असेन.

रात्री जेवताना जाई म्हणाली, गादी, भांडी, कपाट, जे काई द्याचं थे द्या, पन जे आपल्याजवळ नाई थे देऊन राहिले तुमी. तिला सांगितलं, बंगल्यावरचा पितळी टेबलफॅन साहेब मला देणार आहेत. त्यांनी नवीन मागवला आहे. जाई म्हणे, साहेबानं टाकला मंजे काई तरी बिघडलं असन. या बाईला इंजिनिअरच्या घरात वीस वर्षं झाली.

५ मार्च

पंखा आला! गोऱ्या साहेबाच्या काळातला. पितळेची चार पाती, पितळेची जाळी, खाली लोखंडी बैठक, बैठकीवर कंपनीची पितळी पट्टी. इतका जड की स्टूल वाकला. पट्टीवर कंपनीचं नाव, इंग्लंड, मग २२० आणि डी. सी. ही अक्षरं. चिंच लावून घासलं. नाव चकाकलं. डी. सी. पण चकाकलं, त्याला इलाज नाही.

क्वार्टरात लावला. शेजारच्या कौशल्याबाई बघायला आल्या, त्यांच्या डोक्यावरचा पदर उडाला, पुन्हा घेतला, पुन्हा उडाला, त्या हसत पळाल्या. शकुन पंख्यासमोर तोंड उघडून आऽऽ करत बसली होती. लग्नाची मुलगी! ओरडणार होतो. मग मीही करून पाहिलं. आवाज थरथरतो.

जाई समोर बसली. केस मोकळे सोडले. किती तरी वेळ उठली नाही. मला फार बरं वाटलं.

१२ मार्च, अकोला

सगळ्यांची तोंडं एकदाची बंद करावी म्हणून एस. टी.ने अकोल्याला आलो. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, अन्सारचं रेडिओचं दुकान आहे. तिथे बोर्डाची वीज, म्हणजे ए. सी. पंखा जड, म्हणून आणला नाही. फॅक्टरीतला बल्ब खिशात घालून नेला. आयुष्यभर डी. सी.वर जळलेला, अस्सल बल्ब.

अन्सारने लावला. बल्ब लागला. तसाच! जराही कुरकुर नाही. मी दुकानातल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. अन्सार म्हणे, चचा, बल्ब को क्या, उसको सिर्फ गरम होना है. पंखे को तो घूमना है. डी. सी. का पंखा ए. सी. पे नहीं चलता, नया ले लो, मेरे पास है.

तेच. त्याच्याकडे आहे. धंदेवाईक माणूस. दुकानात नवीन पंखे ओळीने मांडलेले होते, पत्र्याची तीन-तीन पाती, फुंकर मारली तर उडतील. चहा पिऊन उठलो.

प्रयोग यशस्वी. जे बल्बला चालतं ते पंख्याला का चालू नये? दोघांना दोनच वायरी.

२३ मार्च

बोर्डाचा ओव्हरसीयर फॅक्टरीत आला. पोरगेलासा, काळा चष्मा. साहेबांनी माझी ओळख करून दिली, हे आमचे श्रावण मिस्त्री, डायनॅमो बघतात. मिस्त्री शब्द मी सोडून दिला. त्याने सांगितलं की सीझन संपला की इंजिन निघेल, डायनॅमो निघेल, आणि एक मोटर बसेल. मी विचारलं, मोटर कोण बघणार? तर म्हणे, बघायचं काय असतं, बटण दाबलं की चालते.

मी म्हटलं, तुमच्या बोर्डात जागा असेल तर माझा अनुभव आहे. त्याने खांबाकडे बोट दाखवून विचारलं, वरच्या तीन वायरी कशाच्या, सांगा. मी म्हटलं, दोन कामाच्या, एक स्पेअर.

तो हसला. चांगल्या अर्थाने हसला असं वाटलं. त्याने नाव लिहून घेतलं नाही, पण तोंडपाठ केलं असेल.

९ एप्रिल

देवीदास आला होता, लग्नाचं ठरवायला. बुद्धपौर्णिमेला, तीस एप्रिलला, इथेच फॅक्टरीच्या आवारात. जेवल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. मुलगा नम्र आहे, बोलताना पायाच्या अंगठ्याकडे बघतो. म्हणे, बाबा, आमच्या तठी ए. सी. हाय. आमच्या हापिसातल्या वायरमनले विचारलं म्या, थो म्हने हा पंखा चालनार नाई. तुमी कायले तरास घेता? मी म्हटलं, हापिसातल्या वायरमनने डायनॅमो पाहिला आहे का? नाही म्हणाला. विषय संपला.

पण मग अंगठ्याकडेच बघत म्हणतो, बाबा, तुमी छप्पन साली नागपूरले गेलते. पिढ्यान्‌पिढ्यांचं एका दिवसात सोडून आले. मंग या पंख्याचं काहून धरून बसले?

याला काय सांगावं. ते जे सोडलं ते आपल्याला वाकवणारं होतं. हा पंखा मी साहेबाच्या टेबलावर वीस वर्षं फिरताना पाहिला. खिडकीच्या बाहेरून. आत जायची वेळ यायची ती फ्यूज गेला तरच. आता तो माझ्या पोरीच्या उशाशी फिरणार आहे. नवीन पंखा कोणीही दुकानातून आणेल. त्यात काय आहे?

हे त्याला सांगितलं नाही. त्याला सांगितलं की टेक्निकल बाजू तुला समजणार नाही.

३० एप्रिल. संध्याकाळी.

लग्न झालं. 

सीझन संपलेला. तरी साहेबांनी फक्त आमच्यासाठी इंजिन चालवायला परवानगी दिली. शेवटचं. गुलाम नबी ठेवणीतला कुर्ता घालून इंजिनावर, मी नवरीच्या बापाच्या पोशाखात डायनॅमोवर, मध्येच धावत मांडवात. मांडवात स्टुलावर पंखा. ऊन असं की पत्रावळींचे काठ वळत होते. शकुन पांढऱ्या साडीत, आणि पंख्याच्या वाऱ्याने तिच्या हाराच्या पाकळ्या उडून चतुराबाईंच्या मांडीवर पडत होत्या. अमरावतीची सगळी माणसं पंख्याच्या तोंडासमोर सरकत सरकत येऊन बसली. वधूवर एका बाजूला, वऱ्हाड एका बाजूला.

विहीणबाई चतुराबाई मला म्हणाल्या, इवाई, मानलं तुमाले.

पंचशील म्हणताना माझा आवाज फुटला. लोकांना वाटलं पोरगी जाणार म्हणून. ते होतंच. पण मागे डायनॅमो चालू होता आणि तो मला ऐकू येत होता, आणि शेवटचा आहे हेही माहीत होतं.

पाच वाजता गुलाम नबीने इंजिन बंद केलं. पंखा हळूहळू थांबला. सगळ्यांनी बघितलं. 

१ मे

सकाळच्या अमरावती गाडीने वऱ्हाड गेलं. पंखा टपावर ठेवू दिला नाही. देवीदासच्या मांडीवर दिला. नवरी खिडकीशी, नवरदेव पंख्यामागे. निरोप देताना मला त्याचं तोंड दिसलंच नाही. शकुन रडली. मी सांगितलं, आठवड्यातून एकदा तेल घाल. दुसरं काही सुचलं नाही.

७ मे

काही खबर नाही. खबर नाही म्हणजे पंखा चालू आहे. बंद असता तर कळवलं असतं.

घरात उजेड नाही. क्वार्टरांत बोर्डाची वीज महिनाअखेर येणार म्हणतात. डायनॅमो-रूमला कुलूप. किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे. सकाळी सवयीने जाऊन उघडतो, पुसतो, बंद करतो. दुपारी पुन्हा. जाई म्हणते, एका जागी बसा. बसून काय करू? बसलं की ऊन लागतं.

१० मे

गुलाम नबीचा चुलत भाऊ अमरावतीला असतो. तो तिकडे जाऊन आला. मुद्दाम शकुनकडे डोकावला. म्हणे, पंखा गुणगुणून राहिला. मी सुखावलो. मग म्हणे, नुसताच गुणगुणून राहिला भाऊ, फिरून नाई राहिला. अन् त्याच्यातून जळका वास येते.

वास नवीन जागेचा असेल.

माझं निदान: वायरी उलट लावल्या आहेत. रविवारी जातो. जाई म्हणाली, तुमी नका जाऊ, नवं नातं हाय, पोरीले नांदू द्या. म्हणूनच जातो आहे.

१४ मे, अमरावती. दुपारी.

उकळून निघतो आहे. टिनाखाली खरोखर भट्टी आहे. पंखा कोपऱ्यात टेबलावर, वर धुतलेला रुमाल टाकलेला. शकुन बारीक झाली. म्हणे, बाबा, थंड पानी घ्या, पंख्याचं मंग पाहू. मी पाणी घेतलं नाही.

लावला. हुंऽऽ असा आवाज, थरथर, आत निळ्या ठिणग्या. पाती हलत नाहीत. वायरी उलट करून लावल्या. तेच हुंऽऽ. तेल घातलं. तेच.

तेव्हा मला गुलाम नबीचं आठवलं. पुढे जाते, मागे येते! सगळा खुलासा झाला. करंट पंख्याला एकदा उजवीकडे ओढतो, एकदा डावीकडे, आणि बिचारा मध्ये उभा. म्हणजे त्याला फक्त कुणीतरी एका बाजूला लावून द्यायला पाहिजे. एकदा लागला की तो कशाला मागे येतो?

चतुराबाईंकडून वरणाचा डाव मागितला. जाळीतून दांडा घालून पात्याला डावीकडून उजवीकडे ढकल दिली. पंखा फिरला! चांगले पाच-सहा फेरे. थांबला. पुन्हा ढकल. पुन्हा फेरे. मी शकुनला दाखवलं: असा धर, असा घाल, डावीकडून उजवीकडे. ती हो म्हणाली. देवीदास अंगठ्याकडे बघत होता.

संध्याकाळी, गाडीत.

थोडं विपरीत झालं. आठव्या की नवव्या ढकलीनंतर पंख्यातून धूर आला आणि फट् असा आवाज होऊन घरचा फ्यूज गेला. घरचा म्हणजे चाळीचा. सगळ्यांचा एकच आहे, ही बांधणाऱ्याची चूक. दिवे लागायची वेळ. सगळी चाळ बाहेर आली. कुणीतरी विचारलं, कोनाचे पाहुने? चतुराबाई म्हणाल्या, आमचेच. इवाई हायेत. इंजिनिअर हायेत.

त्या इंजिनिअर म्हणाल्या. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

शकुन मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिच्या हाताला भाजलं होतं, जाळी तापली होती, तिला हात लागून. मी विचारलं, जास्त लागलं का. म्हणे, नाई. मग गाडी निघताना म्हणाली, बाबा, पंखा चांगला हाय. मले माहीत हाय.

१६ मे

सारखी तिच्या हाताची आठवण येते. मोटर गरम झाली कारण अमरावतीचा करंट अशुद्ध आहे. पोरीचं काही चुकलं नाही. माझंही नाही. निरोप पाठवला: थंड होऊ द्या, मग हळू ढकला.

२१ मे

देवीदासचा निरोप गुलाम नबीच्या भावाकडून: पंखा दुरुस्तीला दिला.

कुणाकडे दिला? त्याला कुणी हात लावायचा नाही. उलट निरोप पाठवला. जाई म्हणते, आता तरी ऱ्हाऊ द्या. जाईला हल्ली माझ्या तोंडाकडे बघून आधीच कळतं मी काय बोलणार, आणि ती मी बोलायच्या आधीच नाही म्हणते.

२८ मे

क्वार्टरात बोर्डाची वीज आली. बटण दाबलं, बल्ब लागला. माझाच जुना बल्ब, अकोल्याला नेलेला. कौशल्याबाई म्हणाल्या, काय झकास उजेड! मी सांगितलं, बल्ब माझा आहे.

उजेड तेवढाच. थोडा जास्त असेल. डोळ्याला टोचतो.

३ जून

बोर्डाकडून काही उत्तर नाही. ओव्हरसीयर परवा गेटावर दिसला. नमस्कार केला. त्याने खांबाकडे बघितलं. कामाचा माणूस, लक्ष कामात.

गुलाम नबीने नवीन धंदा धरला. शेतकऱ्यांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. सायकलला हत्यारांची पिशवी बांधून खेड्याखेड्यात फिरतो. म्हणे, श्रावणभाऊ, चला संगं. मी म्हटलं, मी विजेचा माणूस, मला डिझेलचा वास चालत नाही. तो म्हणाला, वीस साल माह्या डिझेलवरच तुमची वीज फिरली, भाऊ. आणि हसला. मीही हसलो. मग दिवसभर चैन पडली नाही.

१० जून

निरोप: पंखा चालतो. या.

जाईला वाचून दाखवला. म्हणजे निरोप तोंडी होता, पण मी वाचून दाखवल्यासारखा सांगितला. दोनदा. म्हटलं, बघ. ढकल हेच उत्तर होतं. अन्सार, वायरमन, ओव्हरसीयर, एकाच्याही डोक्यात आलं नाही. जाई तांदूळ निवडत होती. म्हणे, हो. जा, पाहून या.

११ जून, अमरावती. दुपारी.

पोचलो तर सगळे माझी वाट बघत बसलेले. नेहमीच्या टेबलावर पंखा. शकुनने त्याला विणलेलं झाकण केलं आहे, पांढरं, कडेला निळी नक्षी, जाळीच्या अर्ध्यापर्यंत येतं. धूळ बसते म्हणे. खाली बैठकीवर आपली पितळी पट्टी, घासलेली, कंपनीचं नाव चकचकीत. २२०, डी. सी. मी टोपी सारखी केली.

देवीदास बटणापाशी. शकुन पंख्यापाशी, हातात तोच डाव. मला खुर्ची दिली, अगदी समोर. चतुराबाई चुलीपाशी उभ्या, पदर तोंडावर. शकुन म्हणाली, बाबा, तुमी सांगतलं तसंच करतो आमी. रोज.

देवीदासने बटण दाबलं. शकुनने डाव आत घातला, ढकल दिली. पंखा सुरू झाला. भर्रकन. वारा माझ्या तोंडावर आला, टोपी उडाली, चतुराबाईंनी पकडली. सगळे हसले. मीही हसलो.

मग लिहावं की नाही.

शकुनने डावीकडून उजवीकडे ढकललं. मी शिकवलं होतं तसंच, अगदी तसंच. पंखा उजवीकडून डावीकडे फिरायला लागला.

मी बघत राहिलो. माझ्या पंख्याला आवाज होता, टिकटिक, मोटरीतला कार्बन घासायचा. याला नाही. झाकण वाऱ्याने थोडं वर झालं, आतली पाती दिसली. थांबताना मोजली. तीन. पत्र्याची. बैठक हलकी, दोन बोटांनी उचलता येईल अशी, आणि पट्टी तिला नवीन खिळ्यांनी ठोकलेली. एक खिळा वाकडा. देवीदासचा हात हत्याराला बसलेला नाही.

चुलीशेजारी दुधाच्या पातेल्यावर पितळेची जाळी झाकली होती. मांजर येतं म्हणून असेल. चतुराबाईंनी माझी नजर पाहिली आणि जाळीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

देवीदासच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. लग्नात होतं.

शकुनने विचारलं, बाबा, बरोबर ढकलते ना मी? तिचा भाजलेला हात बरा झाला आहे. डाव घट्ट धरला होता. या घरात आलेल्या पोरीने, सासूने आणि जावयाने मिळून ही सगळी जुळवाजुळव केली होती, झाकण विणलं होतं, तालीम केली असेल, आणि आता तिघं माझ्याकडे बघत होती. बोलायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं. पत्रा, तीन पाती, उलटा फेरा, सगळं.

मी म्हटलं, अगदी बरोबर. पण जोर थोडा कमी लाव. पंखा नाजूक आहे.

ती इतकी हसली. आणि मग पदर डोळ्याला लावला. टिनाखाली वारा खरोखर छान येत होता. चतुराबाईंनी पुरणपोळी केली होती, मी तीन खाल्ल्या. निघताना देवीदासला म्हटलं, आठवड्यातून एकदा तेल घाल. तो हो म्हणाला. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून.

१२ जून, अकोट

जाईने विचारलं, फिरला का? म्हटलं, फिरला. मग ती परातीत भाकर थापत, मान वर न करता म्हणाली, कोन्या अंगानं?

मी पाणी प्यायलो. बाहेर जाऊन डायनॅमो-रूम उघडली, पुसली, बंद केली. किल्ली साहेबांकडे देऊन आलो.

२० नोव्हेंबर

सीझन सुरू. नवीन मोटर बसली. साहेबांनी मला तिच्यावरच ठेवलं आहे. दोन बटणं आहेत, हिरवं आणि लाल. हात पुसून हिरवं दाबलं. मोटर फिरली. मी एक पाऊल पुढे होऊन हात वर केला होता, तो खाली घेतला. ढकलावी लागत नाही.